लशींच्या फ्रिजवर रात्रीचा पहारा

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र, असे आपल्याकडील जुनी मंडळी मोठ्या अभिमानाने सांगत आली आहेत. दिवसा ऊन कितीही तापले तरी सूर्य मावळला की येथील हवा निवते, आणि पौष-माघात तर पहाटेपर्यंत चांगलीच बोचरी होते. इंदूरात लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्या माणसाला मालव्याच्या रात्रीविषयी तक्रार करावयाचे कधी कारण पडले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये मात्र अशाच तीन थंड रात्रींनी माझ्या दवाखान्यातील लशींचे मोठे नुकसान केले, आणि त्या तिन्ही रात्री मी वरच्या मजल्यावर निश्चिंत झोपलो होतो.

ते नुकसान मला कसे कळले, कळावयास चार दिवस का लागले, आणि ते कळावे म्हणून घरच्या घरी जोडलेले एक लहानसे यंत्र कसे काम करते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. व्यवसायबंधूंना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा, ही इच्छा आहे. ज्यांचा वैद्यकाशी संबंध केवळ रुग्ण म्हणून येतो, त्यांच्याही घरच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची कुपी असण्याचा संभव असतो. त्यामुळे हा लेख त्यांनीही नजरेखालून घालावा, अशी विनंती आहे.

दोन नोंदी आणि मधले सोळा तास

माझा दवाखाना घराच्या तळमजल्यावर आहे. लशींसाठी स्वतंत्र फ्रिज आहे. त्यात दूध, पाण्याची बाटली किंवा कोणाचा डबा ठेवावयाचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. फ्रिजमध्ये तापमापी आहे, दारावर तक्ता आहे, आणि आमच्या सिस्टर सकाळी दहा व सायंकाळी सहा वाजता त्यावर तापमान लिहून सही करतात. लशींसाठी २ ते ८ अंश सेल्सियस हे तापमान योग्य, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. आमच्या तक्त्यावर वर्षानुवर्षे ४, ५, ४, ६, ५ असेच आकडे होते. तक्ता पाहणाऱ्या कोणासही समाधान वाटावे असाच तो होता, आणि त्यातील एकही आकडा खोटा नव्हता.

मात्र सायंकाळी सहापासून सकाळी दहापर्यंत सोळा तास होतात. या सोळा तासांत फ्रिजमध्ये काय घडते, हे तक्ता सांगत नाही. शिवाय नोंदीच्या वेळा दवाखाना चालू असतानाच्या. दार सारखे उघडले जाते, खोलीतील उबदार हवा आत शिरते, आणि तापमान आपोआप ४-५ अंशांवर राहते. रात्री दार उघडत नाही, खोली गार होते, आणि फ्रिजवर कोणाचेही लक्ष नसते. रुग्णाचा ताप केवळ बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत मोजून त्याला ताप नाही असा निष्कर्ष आपण कधी काढणार नाही. फ्रिजच्या बाबतीत मात्र मी अनेक वर्षे नेमके तेच करीत होतो.

उष्णतेची धास्ती आणि थंडीचा विसर

माझ्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांच्या मनात शीतसाखळीचे चित्र पोलिओच्या मोहिमेने कोरले. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा आम्ही पदव्युत्तर विद्यार्थी होतो. खांद्यावर लशीचा निळा डबा, त्यात बर्फाची पाकिटे, आणि मनात एकच धास्ती, की लस तापता कामा नये. ती धास्ती यथार्थ होती. तोंडावाटे देण्याची पोलिओ लस ही उष्णतेने सर्वांत लवकर निकामी होणाऱ्या लशींपैकी एक. त्या काळजीचे फळही आपण पाहिले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

परंतु त्याच डब्यातील इतर अनेक लशींचा स्वभाव याच्या उलट आहे. हिपॅटायटिस बी, त्रिगुणी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात, न्यूमोकोकल कॉन्जुगेट, एचपीव्ही या लशी ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसविलेल्या असतात. त्या गोठल्या, की त्या क्षाराचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि लशीची रचना मोडते. पुन्हा वितळल्यावर ती रचना पूर्ववत होत नाही. इंजेक्शनची पोलिओ लसही गोठू देऊ नये. हिपॅटायटिस बीची लस तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू लागते. अशी लस टोचली तर बाळाला सुई टोचल्याचा त्रास होतो, लसीकरणपत्रिकेवर शिक्का बसतो, आई-वडील निर्धास्त होतात; संरक्षण मात्र मिळालेले नसण्याची शक्यता राहते.

यातील खरी अडचण अशी, की हे नुकसान सहसा डोळ्यांना दिसत नाही. कुपीवर जो रंग बदलणारा चौकोन असतो, तो साठलेल्या उष्णतेची नोंद ठेवतो. गोठण्याची नोंद तो ठेवीत नाही. त्यामुळे रात्रभर गोठून सकाळी वितळलेल्या कुपीवरील चौकोन स्वच्छ आणि निर्दोष दिसू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार बनलेल्या नोंदयंत्रांत धोक्याची सूचना केव्हा द्यावी हे ठरलेले असते. तापमान ८ अंशांच्या वर सलग १० तास राहिले तर सूचना, आणि उणे अर्ध्या अंशाच्या खाली सलग ६० मिनिटे राहिले तर सूचना. उष्णतेला दहा तासांची मुभा, गोठण्याला एकच तास. वर्गात शिकवताना हे आकडे मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. माझ्या फ्रिजला ते लागू होतात, हे मनात कधी उतरलेच नव्हते.

यंत्राची जुळणी

मे २०२२ मध्ये एका रात्री वीज गेली आणि सकाळी फ्रिजमध्ये १४ अंश तापमान आढळले. त्या वेळी बऱ्याच लशी टाकाव्या लागल्या. दिवाळीला अभियांत्रिकीत शिकणारा भाचा घरी आला असता ती हकीकत निघाली. त्याच्या खणात रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक पडून होता. 'मामा, याला तापमान मोजावयास लावू आणि बिघडले की ई-मेल पाठवावयास सांगू', असे तो म्हणाला. दोन दुपारी बसून आम्ही ते काम केले. मला संगणकाच्या भाषेचा गंध नव्हता. तरी जे समजले ते इतरांनाही समजेल, या भरवशावर सांगतो.

रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक साधारण पत्त्याच्या आकाराच्या एका पट्टीवर मावतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे शाळकरी मुलांना संगणकशास्त्राची गोडी लागावी म्हणून तो तयार करण्यात आला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आला. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात वाय-फाय अंगभूत मिळू लागले. पडदा व कळफलक केवळ प्रथम जुळणीपुरते लागतात. त्याला तबकडी नाही, पंखा नाही. मोबाइलच्या चार्जरसारख्या वीजपुरवठ्यावर तो वर्षभर चालू राहू शकतो. त्याच्या कडेला चाळीस बारीक पिना असतात, आणि त्यांना बाहेरची उपकरणे जोडता येतात.

तापमान मोजण्यासाठी डीएस१८बी२० नावाचा सेन्सर घेतला. तो पोलादी नळीत बंद केलेला, पाण्यापासून सुरक्षित असा मिळतो. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान त्याची अचूकता अर्ध्या अंशाच्या आत असते. त्याला तीन तारा असतात. आमच्या सेन्सरची लाल तार ३.३ व्होल्टच्या पहिल्या पिनला, काळी तार शून्य दाबाच्या सहाव्या पिनला, आणि माहिती वाहून नेणारी पिवळी तार सातव्या पिनला जोडली. लाल व पिवळ्या तारांच्या मध्ये ४.७ किलोओहमचा एक रोधक लावला. तो नसेल तर वाचन मिळत नाही. तारांचे रंग सर्व सेन्सरांत सारखे नसतात, म्हणून विकत घेताना विचारून घ्यावे. शेजारीच ५ व्होल्टच्याही पिना असतात. चुकून तिकडे तार गेली आणि तो दाब माहितीच्या पिनवर आला, तर संगणकाला इजा होऊ शकते.

प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच स्वतःचा एक क्रमांक मिळालेला असतो. त्यामुळे त्याच तीन तारांवर दोन-तीन सेन्सर बसविले तरी कोणता आकडा कोणाचा, याचा घोळ होत नाही. आम्ही दोन घेतले. संगणकाच्या मांडणीत एका ओळीने या सेन्सरची सोय चालू केली, की त्याचे वाचन एका छोट्या फाईलमध्ये दिसू लागते. ५१२५ असा आकडा दिसला तर एक हजाराने भागावयाचे, म्हणजे ५.१२५ अंश. फाईलच्या पहिल्या ओळीच्या शेवटी वाचन शाबूत पोचले की नाही, याची ग्वाहीही असते. ती नसेल तर आकडा टाकून पुन्हा वाचावयाचे. अचानक नेमके ८५ अंश दिसले तर घाबरू नये. वीज मिळताच, मापन होण्यापूर्वी, हा सेन्सर तोच आकडा सांगतो. तो दोष समजून गाळावा.

सेन्सरवर विश्वास टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा घेतली. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी थर्मासमध्ये घालून, ढवळून, त्यात दोन्ही नळ्या बुडविल्या. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते. एका सेन्सरने ०.३ दाखविले, दुसऱ्याने उणे ०.१. हा फरक कार्यक्रमात वजा करून टाकला.

पहिल्या दिवशी सेन्सर फ्रिजमध्ये नुसता लोंबत ठेवला आणि दिवसभरात माझ्याकडे एकेचाळीस ई-मेल आले. दार उघडले की हवा क्षणात तापते आणि मिटले की निवते, पण कुपीतील लस इतक्या लवकर तापत वा निवत नाही. आपल्याला तापमान लशीचे हवे आहे, हवेचे नव्हे. म्हणून एका लहान बाटलीत ग्लिसरीन भरून एक सेन्सर तीत बुडविला आणि ती बाटली कुपींच्या मधोमध ठेवली. दुसरा हवेत, बर्फाच्या कप्प्याखालील वरच्या फळीवर राहू दिला. अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या मॉनिटरकडे परिचारिका पाहीनाशा होतात, हे आपण जाणतोच. ग्लिसरीनच्या बाटलीने ती वेळ माझ्यावर येऊ दिली नाही.

दर पाच मिनिटांनी वाचन घ्यावे, वेळेसह नोंदवावे, आणि मर्यादा ओलांडली तर पत्र पाठवावे, एवढाच तो कार्यक्रम. पत्र पाठविण्यासाठी यंत्राच्या नावे वेगळे ई-मेल खाते उघडले. मे २०२२ पासून गूगल अशा कार्यक्रमांना खात्याचा नेहमीचा पासवर्ड वापरू देत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून त्या कामापुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड घ्यावा लागतो.

मर्यादा कोणत्या ठेवावयाच्या, असे भाच्याने विचारले. मी तत्काळ म्हणालो, 'आठ अंशांच्या वर गेले की लगेच कळव.' त्याने तसे लिहिले आणि विचारले, 'मामा, आणि खालची मर्यादा?' मी क्षणभर थांबून म्हणालो, 'शून्य ठेव.' दोन अंश म्हणावयास हवे होते. माझ्या मनातील संकट मे महिन्याचे होते.

तीन रात्री

नोव्हेंबर-डिसेंबर शांततेत गेले. एकही पत्र आले नाही. यंत्र आपले काम करीत आहे आणि फ्रिज उत्तम आहे, असे मी धरून चाललो. जानेवारीत थंडीची लाट आली. एका रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने सहज विचारले, 'यंत्र चालू आहे ना?' चालू असावे, असे मी उत्तर दिले. पण 'असावे' हा शब्द माझा मलाच खटकला. चहा तसाच ठेवून मी नोंदींची फाईल उघडली.

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार या तीन रात्रींची वाचने उणे चिन्हाने सुरू होत होती. ग्लिसरीनमधील सेन्सर पहिल्या रात्री पावणेदोन तास, दुसऱ्या रात्री अडीच तास आणि तिसऱ्या रात्री तीन तासांहून अधिक काळ उणे अर्ध्या अंशाच्या खाली होता. नीचांक उणे १.६. त्यापूर्वी दोन आठवडे दररोज पहाटे तापमान दोन अंशांच्या खाली उतरत होते. आणि रोज सकाळी दहा वाजता तक्त्यावर सिस्टरांच्या सुरेख अक्षरात लिहिलेले होते: ४.

यंत्राने कुचराई केली नव्हती. त्याने नऊ पत्रे पाठविली होती. ती सर्व माझ्या ई-मेलच्या स्पॅममध्ये जाऊन पडली होती. अनोळखी खात्यावरून एकसारखी पत्रे येताहेत, तेव्हा ती निरुपयोगी असावीत, असा त्या व्यवस्थेने समज करून घेतला होता. पहिल्या दिवसाची एकेचाळीस पत्रे मी न वाचता पुसून टाकली होती. त्यावरून ती तसे शिकली असेल तर दोष तिला कसा द्यावा?

कारण शोधावयास वेळ लागला नाही. मे महिन्यात फ्रिजचे थर्मोस्टॅट मी स्वतः फिरवून सहा क्रमांकावर नेले होते. बाहेर ४२ अंश असताना सहावा क्रमांक आत ५ अंश राखत होता. पावसाळा गेला, हिवाळा आला, चकती तशीच राहिली. खोली गार झाल्यावर बाहेरून आत शिरणारी उष्णता कमी झाली, आणि बर्फाच्या कप्प्याची थंडी खाली उतरत राहिली. घरगुती फ्रिजमधील थर्मोस्टॅट फळीवरील लशीचे तापमान पाहत नसतो, हे मी तेव्हा प्रथम नीट समजून घेतले.

त्या दिवशी मी 'शेक टेस्ट' केली. एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या हिपॅटायटिस बीच्या कुप्या घ्यावयाच्या. एक मुद्दाम पूर्ण गोठवून वितळू द्यावयाची, आणि तिच्यासोबत संशयित कुपी हलवून दोन्ही शेजारी-शेजारी उजेडात अर्धा तास ठेवावयाच्या. संशयित कुपीतील गाळ गोठविलेल्या कुपीइतक्याच वेगाने खाली बसला, तर ती लस बाद. वरच्या फळीवरील कुपीचा गाळ तितक्याच लवकर बसला. खालच्या फळीवरील कुपी बराच वेळ दुधाळ राहिली. तथापि भरलेल्या सिरिंजमधील लशींवर ही परीक्षा नीट करता येत नाही आणि सर्व लशींना ती लागूही पडत नाही. म्हणून गोठणे न सोसणारी प्रत्येक लस मी बाजूला काढली. साठ हजार रुपयांच्या वर नुकसान झाले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अधिक लिहावयाचे ते नोंदवहीविषयी. पहिल्या रात्रीनंतर, गुरुवार ते शनिवार या तीन दिवसांत, त्या फ्रिजमधून मी अकरा बालकांना अशा लशी टोचल्या होत्या. सर्वांत लहान बाळ दीड महिन्याचे होते.

दोघा ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला घेतला. दोघांचेही मत एकच पडले: तो डोस धरू नये, पुन्हा द्यावा. रविवारी सायंकाळी मी स्वतः अकरा घरी फोन केले. माझ्या फ्रिजमध्ये लस गोठली होती, ती आपल्या बाळाला दिली गेली, ती परिणामकारक नसण्याची शक्यता आहे, आणि मी ती नव्याने विनामूल्य देऊ इच्छितो, हे अकरा वेळा उच्चारणे सोपे नव्हते. एका वडिलांना राग आला. त्यांनी तो डोस दुसरीकडे घेतला आणि ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. एका आजीबाई नातीला घेऊन आल्या. बाळ सुई टोचताच रडले, तसे म्हणाल्या, 'डॉक्टरसाहेब, तुमच्यामुळे दोनदा रडली हो पोर. पण सांगितलंत, म्हणून पुन्हा तुमच्याचकडे आले.'

अकरा मुलांचा प्रश्न अशा रीतीने मिटला. परंतु हा फ्रिज २०१६ पासून दवाखान्यात आहे. त्या सहा हिवाळ्यांत चकती कोणत्या क्रमांकावर होती, पहाटे काय तापमान होते, याची माझ्याकडे कोणतीही नोंद नाही. तक्ते सर्व जपून ठेवलेले आहेत, आणि त्या सर्वांवर ४ आणि ५ आहे.

शांत बाळ

बालरोगशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो, की रडणाऱ्या बाळाची फार धास्ती घेऊ नका. जे बाळ दूध ओढत नाही, रडत नाही, निपचित पडून आहे, त्याच्याकडे आधी धाव घ्या. शांतता हे आरोग्याचे लक्षण असेलच असे नाही. यंत्राच्या बाबतीत मी हे विसरलो. पत्र आले नाही म्हणजे सर्व ठीक, असे मी मानले. वीज गेली, वाय-फाय बंद पडले, मेमरी कार्ड बिघडले, सेन्सरची तार निघाली, पासवर्ड बदलला, पत्र स्पॅममध्ये गेले, यांपैकी काहीही झाले तरी परिणाम एकच होतो: पत्र येत नाही. हा लेख वाचून कोणी असे यंत्र जोडणार असेल, तर पुढील सुधारणा त्याने आरंभीच कराव्यात.

पहिली गोष्ट, यंत्राने रोज सकाळी सात वाजता एक पत्र पाठवावे: गेल्या चोवीस तासांतील किमान व कमाल तापमान अमुक, सर्व ठीक. आता मी चहासोबत ते वाचतो. ज्या दिवशी ते येणार नाही, तो दिवसच धोक्याचा समजावयाचा.

दुसरी, खालची मर्यादा दोन अंश. ग्लिसरीनमधील सेन्सर पंधरा मिनिटे दोन अंशांच्या खाली राहिला की पहिले पत्र. शून्याखाली गेला की तत्काळ, आणि तापमान सावरेपर्यंत दर अर्ध्या तासाने. वरच्या बाजूला अर्धा तास आठ अंशांच्या वर राहिल्यास पत्र.

तिसरी, पत्र केवळ पोचून भागत नाही, त्याने जागे करावयास हवे. यंत्राचे खाते ओळखीच्या पत्त्यांत नोंदविले, त्याच्या पत्रासाठी मोबाइलवर वेगळी मोठी घंटा ठेवली, आणि तेच पत्र पत्नीला व सिस्टरांनाही जाईल अशी व्यवस्था केली.

चौथी, रास्पबेरी पाय आणि वाय-फायचा राउटर, दोन्ही घरच्या इन्व्हर्टरवर हवेत. फ्रिजची वीज जाते त्याच क्षणी पहारेकरीही झोपला, तर त्याचा उपयोग काय?

पाचवी, दर महिन्याच्या एक तारखेला सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून धोक्याचे पत्र खरोखर येते की नाही, हे पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

आणि सहावी गोष्ट यंत्राची नव्हे, फ्रिजची. चकती ऋतूप्रमाणे बदलावयाची. आम्ही दसऱ्याला ती खाली आणतो आणि होळीनंतर वर नेतो. सण लक्षात राहतात, तारखा राहत नाहीत. बदल केल्यावर दोन दिवस नोंदी पाहून मगच निश्चिंत व्हावे. गोठणे न सोसणाऱ्या लशी बर्फाच्या कप्प्यापासून दूर, खालच्या फळीवर. दारात लस ठेवू नये, तेथे पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. वीज गेल्यावर त्या तापमान धरून ठेवतात. अशा वेळी दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा.

खर्च आणि मर्यादा

संगणक घरातच होता. दोन सेन्सर, रोधक, तारा व नवे मेमरी कार्ड मिळून खर्च हजार रुपयांच्या आत झाला. संगणक नवा घ्यावयाचा तर खर्च काही हजारांवर जाईल. टाकाव्या लागलेल्या लशींपेक्षा तो खूपच कमी आहे. परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. हे घरगुती यंत्र प्रमाणित नव्हे. ज्याला परवडेल त्याने लशींसाठी बनविलेला खास फ्रिज आणि प्रमाणित नोंदयंत्र घ्यावे. मी स्वतः त्यानंतर प्रमाणित नोंदयंत्र घेतले, आणि घरगुती यंत्र त्याच्या जोडीला ठेवले. तक्ताही बंद केला नाही. त्यावर आता 'रात्रीचे किमान' असा एक स्तंभ वाढविला आहे. शासकीय लसीकरणात 'ई-विन' या व्यवस्थेद्वारे शीतसाखळीच्या ठिकाणांचे तापमान दूरवरून पाहिले जाते. खाजगी दवाखान्यांनी त्यापेक्षा मागे राहण्याचे कारण नाही.

वैद्यकेतर वाचकांसाठी दोन शब्द. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, पण ते बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी वापरू नये. ज्या घरी इन्सुलिन आहे, तेथे फ्रिजमध्ये साधा किमान-कमाल तापमापी ठेवून रोज सकाळी पाहिला, तरी माझ्या यंत्राचे निम्मे काम होईल. आमच्या घरी तिसरा सेन्सर वरच्या मजल्यावर, गच्चीखालील आईच्या खोलीत आहे. मे महिन्यात खोली ३६ अंशांवर गेली की मला दवाखान्यात पत्र येते, आणि मी फोन करून तिला खालच्या खोलीत येण्याचा आग्रह करतो. ती म्हणते, यंत्राला काय कळतंय! पण येते.

आज हा लेख लिहिताना समोर सकाळचे पत्र आहे: किमान ३.४, कमाल ६.१, सर्व ठीक. हिवाळा तोंडावर आहे. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की आज दवाखाना बंद करण्यापूर्वी फ्रिजची चकती कोणत्या क्रमांकावर आहे ते एकदा पाहावे, आणि उद्या पहाटे पाचला उठून तापमापीही पाहावा. तो आकडा दोनच्या वर असेल, तर मला आनंदच आहे.